मदत हवी आहे: ड्युअल मोड (वायरच्या विजेवर आणि डिझेलवर, दोन्हीवर चालणारं) रेल्वे इंजिन चालत्या गाडीत मोड कसं बदलतं?

कॉलेजच्या सेमिनारसाठी ब्रिटनचं क्लास 88 घेतलंय, स्टॅडलरचं, 25 केव्ही वायरखाली 4 मेगावॅट आणि डिझेलवर कॅटरपिलर सी27, जेमतेम 0.7 मेगावॅट. ओढ मात्र 317 किलोन्यूटन दिलीये, म्हणून पॉवर भागिले फोर्स केलं तर डिझेलवर ती पूर्ण ओढ साधारण ताशी 8 किमीपर्यंतच मिळते, तेही लॉसेस न धरता, म्हणजे वायर नसलेल्या यार्डात शेवटचा टप्पा ओढायलाच ते, इथपर्यंत कळलं. ब्रोशर वाचलं, त्यात नुसते आकडे (आणि छान फोटो).

अडलंय ते असं, पेंटोग्राफ (छतावरचा, वायरमधून वीज घेणारा सांगाडा) खाली घेऊन डिझेलचा अल्टरनेटर डीसी लिंकवर (मोटरच्या इन्व्हर्टरला वीज देणारं मधलं डीसी सर्किट) येईपर्यंत मोटरची ओढ पूर्ण तुटते का? आणि तेवढा वेळ कंप्रेसर, ब्लोअर कशावर चालतात? बॅटरीवरची शंटिंग (यार्डात डबे हलवणारी) इंजिनं नकोत, फक्त डिझेल-इलेक्ट्रिकवालीच. सर्किट डायग्राम कुठे बघायला मिळेल का?