कोल्विट्झच्या बायका नुसत्या रडतात?

शहापूरची: काल खानापूरकरांनी जर्मन चित्रकार केटे कोल्विट्झबद्दल लिहिलं, "कोल्विट्झच्या छापचित्रांत बायका नुसत्या रडतात, सीमालढ्याला असली रडगाणी नकोत." वाचून तिडीक गेली. 'शेतकरी युद्ध' मालिकेतलं १९०३ चं चित्र बघा. उठावाला धावत सुटलेली माणसं, आणि पुढं पाठमोरी काळी आन्ना ही शेतकरीण, दोन्ही हात उंचावून त्यांना पेटवणारी. ही रडते? 'युद्ध' मालिकेतल्या आया तर एकमेकींना कवटाळून भिंतीसारख्या उभ्या, मधून पोरांची तोंडं डोकावतात. लाकडात कोरलंय ते. कोरून काढलं तेवढं पांढरं, बाकी सगळा काळोख. आणि १९८६ चं कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन आठवा. भुजबळ वेश पालटून आले हे पोराटोरांना पाठ. माझी आत्या पहाटे उठून चाळीस भाकऱ्या थापून परसातनं लपलेल्या पोरांना पोचवायची, ते कुणी लिहिलं?

खानापूरकर: आत्याबाईंना नमस्कार. पण हिंडलग्याला आम्ही हुतात्म्यांपुढं मान झुकवतो, भाकऱ्यांपुढं नाही. आणि पोटच्या पीटरला सैन्यात जाऊ द्या म्हणून नवऱ्याला गळ घातली ती याच बाईनं ना? ऑक्टोबर १९१४ मध्ये पोरगा बेल्जियममध्ये पडला. त्यानंतर ही चित्रं!

शहापूरची: घातली गळ, मान्य. म्हणूनच त्या आया पोरांवरची मिठी सोडत नाहीत.

निपाणीकर: सीमाभाग म्हणजे बेळगाव शहरच का? आमच्या तंबाखूच्या वखारींतल्या बायकांनी १९८० च्या सुमाराला संघटना बांधली. आई त्यातलीच. तिचा ठसका मरेपर्यंत गेला नाही. शेजारी बसणारी कानडी बोलायची, दोघी एकाच मोर्चात.

खानापूरकर: झालं, आला कानडी-मराठी भाऊभाऊचा सूर! १९५६ पासूनचा अन्याय विसरायचा? २००४ चा दावा अजून सुप्रीम कोर्टात पडून आहे.

निपाणीकर: विसरा कोण म्हणालं? एक नोव्हेंबरला काळी फीत मीही बांधतो. पण आईचा मोर्चा मजुरीसाठी होता, म्हणून तो तुमच्या लढ्यात धरायचाच नाही? ती काय सीमेपलीकडची होती?

खानापूरकर: विषय कुठल्या कुठं नेताय तुम्ही!

येळ्ळूरकर: २०१४ ला गावातला 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढला तेव्हा पोलिसांनी घरात घुसून काठ्या चालवल्या. काकी उंबऱ्यात आडवी उभी राहिली, आत आम्ही पोरं. तिचं मनगट अजून वाकडं आहे. ते आयांचं चित्र आत्ता मोबाईलवर बघितलं. काकीच आहे ती.

खानापूरकर: ...बरं, 'रडगाणी' शब्द मागं घेतो. तेवढाच. हुतात्म्यांच्या फोटोंच्या बरोबरीनं या बायकांची चित्रं लावायची नाहीत.

शहापूरची: बरोबरीनंच लावणार. आत्या ऐंशीची झाली, रविवारी तिचं छापचित्र कोरायला लिनो आणि कोरण्या घेऊन तिच्यापुढं बसतेय. येळ्ळूरकर, काकींना विचारा, त्यांच्याकडं कधी येऊ?