फॅल्सिपेरम हॅप्लॉइड, मग एकाच जागी दोन बेस कसे?

रात्रीचा_किडा: प्रोजेक्टसाठी मलेरियाजेनचा (मलेरियाच्या जीनोमचा डेटा शेअर करणारं नेटवर्क) घानाचा डेटा घेतलाय. मलेरियाचा पॅरासाइट फॅल्सिपेरम माणसाच्या रक्तात हॅप्लॉइड असतो ना, म्हणजे प्रत्येक जीनची एकच कॉपी, मग एकाच सॅम्पलमध्ये एकाच जागी काही रीड्समध्ये (मशीनने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे) ए बेस आणि काहींत जी कसा काय दिसतो? गाइड म्हणतात असली सॅम्पलं काढून टाक, पण मग उरणार काय?

पिपेटवाली: अजिबात काढू नकोस! एका पेशंटच्या रक्तात एकच क्लोन, म्हणजे एकाच जनुकीय साच्याचे पॅरासाइट, असेल असं कोण म्हणालं? घानात डास चावायचं थांबतच नाहीत, एकाच डासातूनही वेगवेगळे पॅरासाइट एकदम येतात, त्यामुळे मिक्स इन्फेक्शन तिथे नेहमीचंच. प्रत्येक सॅम्पलचा एफडब्ल्यूएस (सॅम्पलमधली विविधता सगळ्या लोकसंख्येच्या तुलनेत किती कमी, हे सांगणारा आकडा) काढ, ०.९५ च्या वर असेल तर ढोबळमानाने एकच क्लोन धर. हॅप्लोटाइप (एकाच पॅरासाइटमधल्या बदलांचा सलग संच) लागतो तिथे तेवढीच सॅम्पलं वापर, अॅलील फ्रिक्वेन्सीला (कुठला बेस किती प्रमाणात, ते) बाकीचीही चालतात. मिक्स सॅम्पलं फेकलीस तर जिथे मलेरिया जास्त तिथलीच विविधता डेटातून गायब होणार, कारण हेच क्लोन डासाच्या पोटात एकमेकांशी क्रॉस होऊन नवीन जोड्या तयार होतात. पश्चिम कंबोडियात हा त्रास बराच कमी.

जुना_खोंड: बरोबर, पण सगळं खापर मिक्स इन्फेक्शनवर नको. हा जीनोम जवळपास ८०% ए-टी आहे, तेच तेच अक्षर लांबच लांब येतं आणि अलाइनमेंट (रीड्स जीनोमवर योग्य जागी जुळवणं) घसरते. त्यात व्हार जीन्स (इम्युनिटीला चकवणारी प्रथिनं बनवणारे) साठेक, बरेचसे क्रोमोसोमच्या टोकांना, आणि प्रत्येक स्ट्रेनमध्ये इतके वेगळे की ३डी७ या स्ट्रेनच्या रेफरन्स जीनोमवर रीड्स भलतीकडेच जाऊन बसतात. आधी फक्त कोअर जीनोम (असले गोंधळाचे भाग वगळून उरलेला) ठेव, मग बघ किती जागा उरतात.

रात्रीचा_किडा: कोअर ठेवल्यावर निम्म्याहून जास्त गेल्या 😅 उरलेल्या खऱ्या दिसतायत. पण व्हायव्हात विचारणार, हे सगळं कशासाठी?

पिपेटवाली: रवांडाचं सांग. तिथे पॅरासाइटच्या केल्च१३ जीनमध्ये आर५६१एच म्युटेशन सापडलं, जे आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या औषधाला दाद न देणाऱ्या पॅरासाइटमध्ये आग्नेय आशियातही दिसलं होतं. साहजिकच वाटलं की तिकडूनच आलं असणार. पण जीनोम ताडून बघितले तर आजूबाजूचा डीएनए तिथल्याच पॅरासाइटचा, म्हणजे म्युटेशन रवांडातच उगवलेलं. नुसतं म्युटेशन बघून हे कळलं नसतं.

जुना_खोंड: आणि पुण्याच्या सीरमची मलेरियावरची आर२१ लस पण सांग. तिच्यातला सीएसपीचा (पॅरासाइटच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) तुकडा ३डी७ च्याच वळणाचा, आफ्रिकेतल्या पॅरासाइटमध्ये मात्र सीएसपीचे कितीतरी प्रकार. एक्झामिनर पुणेकर असेल तर दहा मिनिटं तिथेच जातील.