पॉवर फॉरवर्डला मराठीत काय म्हणावं?

निळीरेघ :
आइस हॉकीवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. लेख जॉन लेक्लेअरवर आहे आणि पहिल्याच वाक्यात त्याला 'लेट-ब्लूमिंग पॉवर फॉरवर्ड' म्हटलंय. मी 'उशिरा बहरलेला मुसंडीबाज आघाडीपटू' असं केलं होतं. संपादनात त्याचं 'उशिरा सूर गवसलेला बलाढ्य आघाडीपटू' झालं.

सूर गवसला असं आपण कधी म्हणतो? चांगला फलंदाज चार डाव लवकर बाद होतो आणि पाचव्यात शतक काढतो, तेव्हा. सूर आधी होता, हरवला, परत सापडला. लेक्लेअरने मॉन्ट्रियलकडून १९९२-९३ आणि १९९३-९४ या दोन्ही मोसमांत १९-१९ गोल केले. १९९३ला एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली मुख्य आइस हॉकी लीग) विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत तिसरा आणि चौथा सामना लागोपाठ जादा वेळेत त्याच्याच गोलने जिंकला, तरी हुकमी गोल करणाऱ्यांत त्याचं नाव नव्हतं. ९ फेब्रुवारी १९९५ला त्याची रवानगी फिलाडेल्फियाला झाली. त्या मोसमात मॉन्ट्रियलकडून ९ सामन्यांत १ गोल, फिलाडेल्फियाकडून ३७ सामन्यांत २५. पुढचे तीन मोसम ५१, ५०, ५१. यात हरवलेलं काही सापडलेलं नाही.

'बलाढ्य'ही खटकतं. बलाढ्य संघ असतो, बलाढ्य शत्रू असतो. खेळाडूला लावलं की फक्त त्याचं वजन सांगितल्यासारखं होतं. सहा फूट तीन इंच आणि सव्वादोनशे पौंड तो होताच, पण मॉन्ट्रियलमध्येही तेवढाच होता. नेमका शब्द सुचवा.

अनुस्वार :
'सूर गवसणे'बद्दल पूर्ण सहमत. पण 'मुसंडीबाज' अजिबात नको. 'बाज' लागला की मराठीत शब्दाला वाईट वास येतो : दगाबाज, धोकेबाज, थापेबाज. 'आघाडीपटू' हीसुद्धा देशी शब्दाला संस्कृत शेपूट लावून केलेली जोडणी आहे. संस्कृतात तो 'पटु' ऱ्हस्व, मराठीत शेवटी आला म्हणून दीर्घ. घडवायचाच तर नीट घडवा : 'बलाग्रेसर'.

टाचण :
बाज वाईट आणि फलंदाज, गोलंदाज चांगले, हे कसं?

अनुस्वार :
त्या दोन्हीत 'बाज' नाही, 'अंदाज' आहे. फारसीत टाकणारा, फेकणारा. गोलंदाज म्हणजे तोफेचा गोळा डागणारा, हा शब्द मराठी फौजेतला. क्रिकेट आलं तेव्हा चेंडू टाकणाऱ्याला तो लावला आणि त्याच साच्यावर फळीवरून फलंदाज पाडला. बाज हा वेगळा प्रत्यय, खेळणारा किंवा नाद असलेला.

टाचण :
म्हणजे फारसी प्रत्ययावर बेतलेला फलंदाज रोज पेपरात चालतो आणि 'मुसंडीबाज'ला मनाई. 'क्रिकेटपटू' तर इंग्रजी अधिक संस्कृत आहे आणि तो आता कोणाच्या कानाला टोचत नाही. शब्द टिकला तो वापराने टिकला. 'बलाग्रेसर' पहिल्या वाचकापाशीच अडखळेल.

डावीविंग :
प्रत्ययाआधी हा माणूस बर्फावर काय करतो ते पाहू या, मग शब्द ठरवणं सोपं जाईल.

पहिली गोष्ट, आइस हॉकीत पॉवर फॉरवर्ड ही जागा नाही. आघाडीच्या जागा तीनच : मधला, डावी विंग, उजवी विंग. लेक्लेअर डाव्या विंगचा, तसाच पॉवर फॉरवर्ड कॅम नीली उजव्या. बास्केटबॉलमध्ये मात्र हेच नाव एका ठरलेल्या जागेचं आहे, म्हणून बास्केटबॉलच्या बातम्यांतला प्रतिशब्द उचलू नका. इथे ते खेळण्याच्या ढंगाचं नाव आहे.

दुसरी, 'पॉवर फॉरवर्ड' असंच ठेवलं तर वाचक त्याला पॉवर प्लेशी जोडेल. क्रिकेटमुळे तो शब्द घरोघरी पोचलाय. आइस हॉकीत पॉवर प्ले म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षा भोगायला बाहेर बसलेला असताना एक माणूस जास्त असणं, साध्या शिक्षेला २ मिनिटं. त्याचा या शब्दाशी थेट संबंध नाही.

आता काम. चकती (पक) कोपऱ्यात गेली की कठड्याशी बचावपटूला अंगावर घेऊन ती काढायची, एका हाताने त्याला लांब ठेवत गोलकडे वळायचं. ही झाली मुसंडी. दुसरं काम गोलसमोर उभं राहण्याचं. पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, कंबर मागे ढकलून बचावपटूला पाठीवर थोपवलेलं, स्टिकचं पातं बर्फावर, तोंड फटका मारणाऱ्याकडे. गोलरक्षकाला चकती दिसू द्यायची नाही आणि त्याला स्पर्शही करायचा नाही. फटका आला की पातं किंचित फिरवून चकतीची दिशा बदलायची. यात खालचा हात सैल हवा. तो आवळला तर चकती पात्यावर आदळून लांब उडते. पातं आडव्या दांड्याच्या वर, म्हणजे ४ फुटांच्या वर लागलं तर गोल रद्द. आणि मान वळवून गोलरक्षकाकडे पाहत राहिला तर पुढचा फटका पाठीत.

पागोळी :
मग 'बलाग्रेसर' अर्थानेही बाद होतो. अग्रेसर म्हणजे पुढे जाणारा. याचं निम्मं काम पुढे जाऊन थांबण्याचं आहे. आपल्याकडे त्याला 'ठाण मांडणे' आहे ना!

डावीविंग :
'ठाण मांडणे' फार चपखल आहे. टिम केर आठवा. फिलाडेल्फियाचाच, लेक्लेअरच्या आधीच्या पिढीतला. गोलसमोर ठाण मांडून उभा राहायचा आणि १९८५-८६ मध्ये त्याने एकट्या पॉवर प्लेवर ३४ गोल केले. पण केरला 'मुसंडी' शोभत नाही. नीलीला शोभते. लेक्लेअर दोन्ही करायचा, म्हणून तुमचा प्रश्न अवघड आहे.

निळीरेघ :
लेखात पुढे 'तो निळ्या रंगातच राहायचा' असं आहे. निळा रंग म्हणजे गोलपुढची क्रीझ. 'क्रीझ' लिहावं की 'डी'?

डावीविंग :
'डी' मुळीच नको. मैदानी हॉकीची डी गोलपासून १४.६३ मीटर लांब असते आणि मैदानी गोल तिच्या आतून मारला तरच धरतात. आइस हॉकीत गोल कुठूनही होतो. निळी क्रीझ जेमतेम ८ फूट रुंद आणि ६ फूट पुढे आलेली असते, आणि ती गोलरक्षकाची. शिवाय १९९०च्या दशकात एनएचएलचा नियम कडक होता : चकती आत जाण्याआधी आक्रमकाचं पाऊल क्रीझमध्ये असेल तर गोल रद्द. १९९८-९९च्या मोसमानंतर तो गेला. लेक्लेअरचे पन्नासच्या वर-खाली गोलांचे तिन्ही मोसम त्या नियमाखालचे आहेत. तेव्हा 'निळ्या रंगातच राहायचा' हे शब्दशः लिहिलंत तर चूक होईल. 'निळ्या रंगाच्या काठावर' लिहा. बोटभर इकडे-तिकडे झालं तर गोल जायचा, आणि मागून बचावपटू कमरेत स्टिकचा दांडा रेटत असताना हा काठ सांभाळायचा. ती ताकद 'बलाढ्य'मध्ये कुठे दिसते?

टाचण :
रेटत! शब्द तुमच्याच वाक्यात आला. 'रेटा'. मुसंडी एकदाच बसते, रेटा चालू राहतो. 'रेट्याचा आघाडीपटू' म्हणा. कामाचा माणूस, लोणच्याचा आंबा म्हणतो तसं. नवा प्रत्यय नको, बाज नको, संस्कृत नको.

अनुस्वार :
'रेट्याचा' मान्य, मनापासून. पण मग 'पटू'ही काढा आणि 'रेट्याचा गडी' म्हणा. कबड्डी-खोखोत गडीच म्हणतात.

पागोळी :
गडी म्हटलं की तो घरकामाचाही होतो आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लाल माती येते. बर्फावर तो शब्द उपरा वाटेल. मुळात 'आघाडीपटू' म्हटलं की मराठी वाचकाला खडकीचा धनराज पिल्ले दिसतो : वेग, मनगट, तीन जणांना चकवून डीत शिरणं. मैदानी हॉकीत अंगाने ढकलायला बंदीच आहे, त्यामुळे त्या आघाडीपटूत रेटा कुठून असणार? आधी विशेषण लागलंच पाहिजे.

निळीरेघ :
त्याच अनुषंगाने, 'शोल्डर चेक'साठी, म्हणजे खांद्याने दिलेल्या धडकेसाठी, मी 'खांदा दिला' लिहिलंय.

पागोळी :
बदला, कृपा करून बदला. 'लेक्लेअरने बचावपटूला खांदा दिला' वाचल्यावर मला तिरडी दिसते. माणसाला खांदा दिला म्हटलं की तो माणूस गेलेलाच असतो. 'खांदा मारला' लिहा.

अनुस्वार :
बैल जुवाला खांदा देतो, मोठा मुलगा संसाराला खांदा देतो. क्रियापद सगळीकडे एकच आहे. एका प्रसंगापायी चांगला वाक्प्रचार सोडून द्यायचा?

पागोळी :
जुवाला आणि संसाराला, बरोबर. माणसाला नाही. कर्म बदललं की अर्थ बदलतो आणि इथे कर्म माणूस आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या खांदेमळणीत खांदा बैलाचाच असतो, म्हणून तिथे मनात काही येत नाही.

टाचण :
खांद्यावरून सुचलं : 'लाइन चेंज'ला 'खांदेपालट' कसा वाटतो? आइस हॉकीत तिघांची ओळ सुमारे ४५ सेकंद खेळते आणि खेळ चालू असतानाच उतरते, नवे तिघे कठडा ओलांडून आत येतात. पालखीच्या भोयांचा खांदेपालट असाच चालत्या पालखीखाली होतो. पेपरवाल्यांनी तो मंत्रिमंडळात नेऊन बसवलाय, पण मूळ हालचाल हीच.

डावीविंग :
हा शब्द मी आजपासून वापरणार. चुकीच्या वेळी केलेला खांदेपालट जीवघेणाही असतो : चकती आपल्या निम्म्यात असताना तिघे उतरले तर समोरच्याला मोकळं रान. चकती पलीकडे खोलवर ढकलून मगच उतरायचं. पालखी खाली न टेकवता खांदा बदलण्याची अटही तीच आहे.

आणि निळीरेघ, तुमच्या मसुद्यात कुठे 'चेंडू' राहिला असेल तर शोधून काढा. चकती ३ इंच व्यासाची आणि १ इंच जाड असते, वजन साडेपाच ते सहा औंस. घट्ट रबराची. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, कारण ऊबदार रबर उसळतं आणि पात्यावर बसत नाही. 'पक' नको, 'चकती'च.

भातखाचर :
'लेट ब्लूमर' मागेच राहिला. कोकणात भातासाठी याचे तयार शब्द आहेत : हळवं, निमगरवं, गरवं. हळवं लवकर कापणीला येतं, गरव्याला १३५ दिवसांच्या वर लागतात. 'गरवा आघाडीपटू' म्हणा.

यात नुसता उशीर नाही. हळवं भात वरकस, उताराच्या जमिनीत लावतात, कारण तिथलं पाणी लवकर आटतं. गरव्याला खोलगट खाचर लागतं, पाऊस गेल्यावरही ओल धरणारं. तेच बी माळावर लावलं तर दाणा भरण्याच्या वेळी ओल संपते आणि पळंज, म्हणजे पोकळ दाणे, हाती येतं. लेक्लेअरला फिलाडेल्फियात एरिक लिंड्रॉस मधे आणि मिकाएल रेनबर्ग उजवीकडे मिळाला. तिघेही सव्वासहा फुटांच्या आसपासचे, एकाने रेटलं तर दुसऱ्याला जागा मिळायची. गरव्याला खाचर मिळालं.

पागोळी :
शब्द सुंदर आहे, पण भात न पाहिलेला वाचक 'गारवा' वाचेल, त्यात लेख बर्फावरचा. आणि 'हळवा' तर प्रमाण मराठीत मनाने हळवा.

भातखाचर :
एकदा 'गरव्या भातासारखा' असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं 'गरवा' चालेल. वाचक एका वाक्यात शिकतो.

अनुस्वार :
पण पंचविसाव्या वर्षी २५ गोल करणारा खरंच गरवा आहे का? एनएचएलचे संघ नवोदितांची निवड अठराव्या वर्षी करतात हे मान्य, तरी पंचवीस म्हणजे निमगरवा. नीली बोस्टनला गेल्यावर पहिल्याच मोसमात ३६ गोल करून बसला तेव्हा एकवीस वर्षांचा होता, तो हळवा. खरा गरवा झॅक हायमन. २०१०च्या निवडीत १२३वा, आणि एडमंटनकडून ५४ गोल केले ते २०२३-२४ मध्ये, एकतिसाव्या वर्षी. तेही जवळजवळ सगळे गोलच्या तोंडाशी.

डावीविंग :
टॉड बर्टुझी निमगरवा आणि गरवा यांच्या मधला. न्यूयॉर्क आयलंडर्सनी १९९८मध्ये व्हँकुव्हरला दिला, ४६ गोलांचा मोसम आला २००२-०३ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी. रेट्याचे खेळाडू उशिराच तयार होतात त्याला कारणही आहे. अठराव्या वर्षी उंची असते, पण मांड्या आणि पाठ भरलेली नसते. तिशीतल्या बचावपटूसमोर असा मुलगा गोलपुढे उभाच राहू शकत नाही, प्रशिक्षक त्याला तिथून काढून कडेला खेळवतात आणि मग ते काम शिकायचं राहून जातं.

टाचण :
मग 'हस्त बहाराचा' का नको? डाळिंब, मोसंबीवाल्यांचे आंबे, मृग आणि हस्त असे तीन बहार, त्यातला हस्त शेवटचा. 'उशिरा बहरलेला'मधला बहर तसाच ठेवता येईल. आणि बहार धरण्याआधी बागेचं पाणी तोडून ताण देतात, पानगळ झाली की पाणी सोडतात, मग फूल येतं. मॉन्ट्रियलची वर्षं हा ताण.

भातखाचर :
इथे गल्लत होतेय. बहार झाड ठरवत नाही, बागायतदार ठरवतो. एकाच झाडाचा यंदा मृग धरला आणि पुढे हस्त, असं होतं. गरवेपण बियात असतं, म्हणून ते माणसाला लागू पडतं. आणि ताणाचं उदाहरण तर हस्त बहाराला सर्वात कमी जुळतं. त्याचा ताण द्यायचा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पाऊस चालू असताना. हलक्या जमिनीत उघडीप मिळाली तर ताण बसतो, भारी काळ्या जमिनीत बसतच नाही, पानं हिरवीच राहतात आणि फूल तुरळक येतं.

टाचण :
हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत बसतो ना? मग शब्दही तिथे बसेल.

निळीरेघ :
'चकती' आणि 'खांदा मारला' केलं. 'खांदेपालट' तर लगेच घेतला. पहिलं वाक्य अजून तसंच आहे. 'रेट्याचा' की 'मुसंडीबाज'?