होमिओपॅथीचा सल्ला फोनवर: चालेल का, आणि कुठवर?

शाहूपुरीकर
आमच्या गल्लीत बऱ्याच घरांत फ्रिजवर नाहीतर देव्हाऱ्याशेजारी साखरेच्या गोळ्यांच्या बाटल्या सापडतील. पूर्वी लोक दवाखान्यात जाऊन तासभर नंबर लावून बसायचे. आता व्हॉट्सॲपवर लक्षणं कळवतात, पैसे मोबाइलवरून जातात आणि बाटल्या कुरिअरनं येतात. जुन्या पेशंटची चौकशी फोनवर करायला माझी हरकत नाही. नव्या माणसाची पहिली तपासणी मात्र समोरासमोरच व्हायला पाहिजे.

शेजारच्या काकूंकडं आलेली बाटली मी हातात घेऊन बघितली. झाकणावर पेननं '१ सकाळी, २ रात्री' एवढंच. औषधाचं नाव नाही, पोटेन्सी (म्हणजे औषध किती पातळ केलंय ते) नाही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. दवाखाना इथं कोल्हापुरात, राजारामपुरीत असता तर जाऊन विचारलं असतं. इथं डॉक्टर कुठल्या गावचे तेच काकूंना ठाऊक नाही. लॉकडाऊनच्या काळात, २०२० मध्ये, केंद्रीय होमिओपॅथी परिषदेनं टेलिमेडिसिनची नियमावली काढली, त्यामुळं फोनवरचा सल्ला बेकायदा नाही. पण डॉक्टरनं आपली ओळख द्यावी, नोंदी ठेवाव्यात, प्रिस्क्रिप्शन द्यावं, हेही त्याच नियमावलीत आहे. मोकळीक तेवढी घ्यायची आणि बाकीचं सोडायचं, हे मला पटत नाही.

गडहिंग्लजची डॉक्टर
मी बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची पदवीधर आहे, स्वतःचा दवाखाना चालवते. बाटलीबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पहिल्या भेटीबद्दल मात्र नाही. आमच्या शास्त्रात केस घेणं म्हणजे मुख्यतः बोलणं: झोप कशी लागते, तहान किती, थंडी सोसते की उकाडा, त्रास कधी वाढतो. बाईमाणूस दवाखान्यात सासूच्या शेजारी बसून जे सांगत नाही, ते दुपारी घरात कुणी नसताना फोनवर सांगते. होमिओपॅथीचे जनक हानेमान स्वतः लांबच्या पेशंटांना पत्रानं औषध सुचवत असत, त्यांचा तो पत्रव्यवहार आजही जपून ठेवलेला आहे. पत्रावर जे चालत होतं ते व्हिडिओवर का चालू नये?

तालमीतला
डॉक्टर, मान राखून सांगतो, बोलण्यावर सगळं भागत नाही. पावसाळ्यात तालमीतल्या पोरांना नायटा होतोच. घाम, ओली लंगोट, एकमेकांच्या अंगाला अंग. पोरगं आधी मेडिकलमधून स्टिरॉइडचं मलम आणून चोळतं, खाज थांबते, नायट्याची कड पुसट होते आणि आतून तो पसरत राहतो. मग रात्री पिवळ्या बल्बखाली फोटो काढून पाठवतं आणि मलमाचं सांगतच नाही. फोटोत ते एक्झिमासारखं दिसतं. समोर बसलेला डॉक्टर कातडीवर बोट फिरवतो, काखा-जांघा बघतो, 'काय लावलंस रे?' म्हणून दरडावतो. तेवढ्यात निम्मं निदान होतं. गोळ्या खात चार महिने गेले की सगळ्या तालमीला लागण.

आणि हानेमान यांचंच म्हणाल तर त्यांच्या 'ऑर्गनॉन' या ग्रंथातला ९० वा परिच्छेद वाचा. पेशंटचं ऐकून झाल्यावर वैद्यानं स्वतः काय पाहिलं तेही लिहावं, असं तिथं सांगितलंय.

रसायनवाला
फोनवर की समोर, हा मला दुय्यम प्रश्न वाटतो. बाटलीवर लिहितात ती ३०सी पोटेन्सी म्हणजे शंभर पट पातळ करणं, तेही तीस वेळा. एकावर साठ शून्यं. बारा वेळांनंतरच मूळ पदार्थाचा एक रेणू उरण्याची शक्यता नगण्य होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की, होमिओपॅथी गुणकारी असल्याचा विश्वासार्ह पुरावा कुठल्याच आजारात नाही. ऑनलाइनमुळं हीच गोष्ट जास्त घरांत पोचणार, म्हणून माझा विरोध.

गडहिंग्लजची डॉक्टर
तो वाद मी इथं लढत नाही. १९७३ पासून या देशात होमिओपॅथीला कायद्यानं मान्यता आहे, लोक येतात, येत राहणार. त्यांच्याशी नोंदणी असलेल्या माणसानं नियम पाळून बोलावं की कुणीही यूट्यूब बघून बोलावं, एवढाच प्रश्न आहे. महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तेव्हा माझे पेशंट फोनवरच होते. त्यांना 'समोर या' म्हणायचं होतं का?

चंदगडकर
आम्हाला कोल्हापूर शंभरावर किलोमीटर, बेळगाव जवळ. म्हाताऱ्या आईला एसटीत घालून न्यायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. शहरात बसून 'पहिली भेट समोरच' म्हणणं सोपं आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं बीपी बघावं, वजन घ्यावं आणि तिथूनच डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवावं, अशी सोय का करत नाही कुणी? सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सल्ल्याच्या सेवेत आरोग्य केंद्रातून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवता येतंच की.

वॉर्डातली सिस्टर
चंदगडकर दादा, तुमची सूचना मला आवडली. पण मूळव्याधीचं बोलते. लोक लाजेखातर हाच आजार फोनवर जास्त सांगतात. शौचातून रक्त जातंय म्हटलं की मूळव्याध धरून गोळ्या सुरू. त्यातल्या एखाद्याला आतड्याचा कॅन्सर असतो. बोटानं तपासल्याशिवाय, गरज पडली तर दुर्बिणीनं बघितल्याशिवाय ते कळणारच नाही. वजन उतरलंय, रक्त कमी झालंय, अशा अवस्थेत माणसं आमच्याकडं येतात आणि 'वर्षभर औषध चालू होतं' म्हणतात. त्यांच्या लेकरांची तोंडं बघवत नाहीत. दुसरं, चालू असलेलं इन्सुलिन किंवा थायरॉइडची गोळी फोनवरून बंद करायला सांगणं. हे कुठल्याही पॅथीच्या डॉक्टरनं करू नये.

गडहिंग्लजची डॉक्टर
सिस्टर, हे मान्य. रक्त जाणं, छातीत दुखणं, लहान बाळाचा ताप, वजन उतरणं, यातलं काही ऐकलं की मी फोनवर औषध देत नाही, आधी तपासून घ्या म्हणते. पण सर्दी, ॲलर्जी, पाळीच्या तक्रारी यांत पहिल्या भेटीची सक्ती मला अजूनही नको वाटते.

शाहूपुरीकर
पाळीच्या तक्रारीतही हिमोग्लोबिन बघायला लागतं, सोनोग्राफी लागते. तुम्ही ते विचाराल, कारण तुम्हाला कळकळ आहे. काकूंना बाटल्या पाठवणाऱ्यानं विचारलेलं नाही. तेव्हा मी सक्तीवर ठाम आहे. चंदगडकरांसारख्यांसाठी पहिली भेट आरोग्य केंद्रातून सिस्टरच्या मदतीनं झाली, तर ती मी समोरासमोरचीच धरीन. काकूंना मात्र मी आजच सांगितलंय: औषधाचं नाव आणि नोंदणी क्रमांक लेखी मागा, दिला नाही तर पुढचे पैसे पाठवू नका.