मदत हवी आहे: भाच्यांबाबत दोन्ही घरांना एकत्र बसवायचंय, बाल कल्याण समितीकडे (अनाथ, निराधार मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) अर्ज कसा करावा?

बहीण आणि मेहुणे दोघेही गेले. भाची ११ वर्षांची, भाचा ६. सध्या दोघं माझ्या आईकडे गावी असतात. मुलांचे चुलते म्हणतात, मुलगा आम्हाला द्या, मुलगी आजीकडे राहू दे. (सातबाऱ्यावर वारस म्हणून दोघांचीही नावं लागणार, हे त्यांच्या पचनी पडत नाही.) भावंडांची ताटातूट आम्हाला नको, पण चुलत्यांना तोडायचंही नाही. पोरांचा काकूवर जीव आहे, गणपतीला तिकडेच असतात.

गावात बैठक घेतली, आवाज चढले, लोक उठून गेले. बालसंगोपन योजनेचा (अशा मुलांना घरीच सांभाळण्यासाठी सरकारी मदत, महिना २२५० रु.) अर्ज आईच्या नावे दिलाय, मृत्यूचे दाखले, बोनाफाईड, आधार सगळं जोडलंय. गृहचौकशी झाली, पण फक्त आईशी बोलून. आता समितीपुढे तारीख आहे.

दत्तक द्यायचं नाही. १८९० च्या कायद्याखाली पालकत्वाचा दावाही तूर्त नको. आई ६८ वर्षांची आहे, कोर्टाच्या फेऱ्या झेपणार नाहीत.

चुलते, आत्या आणि आम्ही, सगळ्यांना एकत्र ऐका असा अर्ज समितीला देता येतो का? भाचीला वेगळं बसवून विचारतात का? आणि ‘मुलं आजीकडे, सुट्टीत काकांकडे, शाळा-दवाखान्याचे निर्णय मिळून’ असं लेखी ठरवलं तर समिती ते आदेशात घेते का? कोणी असा मसुदा दिला असेल तर त्यात काय काय लिहिलं होतं?