सांभाळणारा नाही म्हणून चालते पॅकेज काढायचे का?

जुनाहँडसेट

परवा या मंचावर हिशेबनीस यांनी असे मत मांडले की, ज्या उपकरणाच्या पॅकेजला मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, उरलेला नाही ते पोस्टमार्केटओएसच्या (फोनसाठीच्या, अल्पाइन लिनक्सवर बेतलेल्या आपल्या प्रणालीच्या) पुढच्या स्थिर आवृत्तीतून सरळ वगळावे, कारण "बेवारस पॅकेजपेक्षा पॅकेज नसलेले बरे". उत्तर द्यायचे नाही असे मी दोन दिवस ठरवत होतो, पण ते जमले नाही.

हा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा फोनला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे, हेच त्याचे उद्दिष्ट सांगितले गेले होते. उत्पादक दोन-तीन वर्षांत अपडेट थांबवतात आणि धडधाकट फोन भंगारात जातो, यावर आपण आजवर किती शाई खर्च केली आहे! आता तोच न्याय आपण आपल्याच लोकांना लावणार असू, तर उत्पादकाच्या "आता आम्हाला परवडत नाही" आणि आपल्या "आता कोणाला वेळ नाही" यांत मला फरक दिसत नाही.

माझा फोन कम्युनिटी गटात, म्हणजे मेंटेनर असलेल्या फोनांत, होता. त्याचे पॅकेज सांभाळणाऱ्या गृहस्थांनी नवा फोन घेतला, त्यात त्यांचा काही दोष नाही, आणि फोन टेस्टिंग गटात गेला. याचा व्यवहारातला अर्थ असा की, स्थिर आवृत्तीतून तो बाहेर पडला, फोनवर चढवायची तयार प्रतिमा मिळणे बंद झाले आणि पीएमबूटस्ट्रॅप हे साधन चालवून ती स्वतः बांधून घ्यायची आणि एजवर, म्हणजे सतत बदलणाऱ्या अस्थिर आवृत्तीवर, राहायचे एवढाच मार्ग उरला. ज्या फोनवर मी रोजचे कॉल घेतो तो मी एजवर ठेवावा, ही सूचना करणाऱ्याने आधी स्वतःचा फोन तसा ठेवून दाखवावा. आणि ते पॅकेज म्हणजे तरी काय होते? फोनचे वर्णन देणारी चाळीसेक ओळींची डिव्हाइसइन्फो फाइल, दोन-चार सेटिंग आणि कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) पॅकेजचे नाव. तीन वर्षांत त्यात काहीही बिघडले नव्हते.

कॅनॉनिकलने २०१७ मध्ये उबुंटू टच ही आपली फोनसाठीची प्रणाली सोडून दिली तेव्हा "सांभाळणारा गेला, काढून टाका" असे म्हणून सगळे घरी गेले असते, तर यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी ती पुढे चालवलीच नसती.

हिशेबनीस

यूबीपोर्ट्सचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. तेथे माणसे पुढे आली, म्हणून ते टिकले. आपल्या फोनसाठी कोण पुढे आले?

"काहीही बिघडले नव्हते" हे वाक्य मीही एकदा लिहिले आहे, म्हणून त्याची किंमत सांगतो. एका फोनच्या पॅकेजवर माझे नाव होते. दुसऱ्या वर्षी त्या फोनची बॅटरी फुगली, मागचे झाकण उचलले गेले आणि मी तो बंद करून ठेवला. नाव मात्र काढले नाही. आज ना उद्या बॅटरी बदलू, असे मनात होते. पुढे कोणीतरी कर्नलची आवृत्ती वाढवणारा बदल पाठवला. मी तो वाचला, चेकसम जुळत होते, कर्नलच्या सेटिंगची तपासणी पार झाली होती, बिल्डवर हिरवी खूण होती, आणि मी संमती दिली.

त्या बदलात टचस्क्रीनचा ड्रायव्हर कर्नलच्या आत बांधण्याऐवजी मॉड्यूल, म्हणजे नंतर वेगळा लोड होणारा तुकडा, म्हणून बांधला गेला होता. सेटिंगच्या फाइलमध्ये 'वाय'च्या जागी 'एम', एवढाच फरक, आणि तोही शेकडो बदललेल्या ओळींत एका ठिकाणी. फोन सुरू होताना अगदी आधी लोड करायच्या मॉड्यूलांची यादी असते, तिला मॉड्यूल्स-इनिटएफएस म्हणतात; तीत त्या मॉड्यूलचे नाव कोणीच घातले नव्हते. ज्यांनी डिस्क कूटबद्ध केली होती त्यांचा फोन सुरू होई, पासवर्ड विचारी, पडद्यावर कीबोर्डही दाखवी, आणि बोट कोठेही टेकवले तरी काहीच घडत नसे. दिवसभर लोक पडद्याकडे पाहत बसले होते. माझ्या हाती चालता फोन असता तर हा दोष मला पहिल्या मिनिटात दिसला असता.

तेव्हा माझा आक्षेप नाव नसलेल्या पॅकेजपेक्षा नाव असून माणूस नसलेल्या पॅकेजला अधिक आहे. टेस्टिंग गटात निदान पाटी तरी खरी असते.

खोकेबंद

दोघांचेही चालू द्या, पण मूळ दुखण्याकडे कोणी पाहतच नाही. मेंटेनर कमी का पडतात? कारण निम्मी माणसे अनुप्रयोगांची पॅकेजे करण्यात गुंतली आहेत. तेच नकाशाचे ॲप अल्पाइनसाठी एक जण बांधतो, मोबियन या फोनवरच्या डेबियनसाठी दुसरा बांधतो आणि सेलफिश या तिसऱ्या प्रणालीसाठी तिसरा. ही तिहेरी मजुरी बंद करा. अनुप्रयोग सगळे फ्लॅटपॅकने, म्हणजे कोणत्याही लिनक्सवर चालणाऱ्या बंद खोक्यांतून, घ्या आणि वितरणाने (पोस्टमार्केटओएससारख्या प्रणालीने) कर्नल, फर्मवेअर, मोडेम आणि फॉश किंवा प्लाझ्मा मोबाइल हा पडद्यावरचा इंटरफेस एवढेच सांभाळावे. अल्पाइनमध्ये सी भाषेची मूळ लायब्ररी म्हणून मसल आहे, इतरत्र असते ती जीलिबसी नाही, म्हणून जे सॉफ्टवेअर धड बांधताही येत नाही तेसुद्धा फ्लॅटपॅकमध्ये निमूटपणे चालते. मग जुनाहँडसेट यांच्या फोनकडे पाहायला माणूस मिळेल.

सोळाजीबी

लिनक्ससाठीच बनवलेल्या मूळ पाइनफोनमध्ये २ जीबी रॅम आणि १६ जीबी ईएमएमसी (साठवणीची जागा) आहे, हे खोकेबंद यांना ठाऊक असावे असे मी गृहीत धरतो. त्यावर एक ग्नोम रनटाइम (फ्लॅटपॅक ॲप्सना लागणारा सामाईक लायब्ररींचा संच) घेतला की बघता बघता एक जीबीच्या आसपास जागा जाते. दुसऱ्या ॲपला त्याची आधीची आवृत्ती लागते, तिसऱ्याला केडीईचा रनटाइम लागतो. ग्नोम रनटाइमच्या एका आवृत्तीला आधार मिळतो साधारण वर्षभर. त्यानंतर ॲपच्या कर्त्याने नव्या रनटाइमवर जायचे असते, आणि तो गेला नाही तर मुदत संपलेला रनटाइम आपल्या फोनवर मुक्काम ठोकतो. म्हणजे बेवारस पॅकेजचा प्रश्न सुटला नाही, त्याने फक्त घर बदलले. शिवाय फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या भांडारातली कित्येक ॲप्स आजही फक्त एक्स८६ या संगणकांच्या प्रोसेसरसाठी बांधली जातात. आपले फोन एआरएमवर चालतात, याची ही आपली एक आठवण.

खोकेबंद

पाइनफोनवरून सगळ्या जगाचे माप काढणे पुरे झाले. वनप्लस ६ सारख्या फोनवर जागेची आणि रॅमची ही रड राहत नाही, आणि ते फोन आता मेनलाइन, म्हणजे उत्पादकाचे बदल नसलेल्या मूळ लिनक्स, कर्नलच्या जवळपास चालतात.

मुदत संपलेल्या रनटाइमचे म्हणाल, तर तो मुदत संपल्याचे सांगतो तरी. वितरणातले पॅकेज चार आवृत्त्या मागे राहते तेव्हा वापरकर्त्याला कोण सांगते? ॲपच्या मूळ कर्त्याला मात्र दोन वर्षांपूर्वीच दुरुस्त केलेल्या चुकीबद्दल तक्रारी येत राहतात. मी एका छोट्या ॲपचा कर्ता आहे आणि अशा तक्रारींना उत्तरे देण्यात माझे शनिवार गेले आहेत. पॅकेज करणाऱ्याने माझ्यावर उपकार केले असे सगळे म्हणतात, पण मला कोणी विचारले नव्हते.

पॅचलावणारा

हे उपकारांचे प्रकरण आले म्हणून लिहितो. छोट्या पडद्यावर ज्यांच्या खिडक्या मावत नाहीत अशा किती ॲप्सना आम्ही पॅच लावून ठेवले आहेत, याची खोकेबंद यांना कल्पना नसावी. मूळ कर्ते म्हणतात, "आमचे ॲप डेस्कटॉपसाठी आहे." मग आम्ही अल्पाइनच्या पॅकेजची नक्कल घेतो, पॅच लावतो आणि आपल्या रिपॉझिटरीत ठेवतो.

एका ॲपची अशी नक्कल मी ठेवली होती. अल्पाइनने एके दिवशी मूळ पॅकेजची आवृत्ती वाढवली. माझ्या नकलेचा आकडा मागे पडला, आणि एपीके या अल्पाइनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने मोठा आकडा पाहून अल्पाइनचे पॅकेज उचलले. कोणतीही चूक दाखवली गेली नाही, कारण एपीकेच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती. लोकांच्या फोनवर मात्र सेटिंगची खिडकी पडद्यापेक्षा रुंद झाली आणि 'ठीक' हे बटण उजव्या कडेच्या पलीकडे गेले. एकाने कळवले की तो फोन आडवा धरतो, अंदाजाने टॅब किती वेळा दाबायचा ते मोजतो, बाहेरच्या कीबोर्डवर एंटर दाबतो आणि काम भागवतो. असे होऊ नये म्हणून नकलेला ९९९९ सारखा अवाढव्य आकडा देण्याची युक्ती आहे, पण तिचाही काटा आहेच: अल्पाइनमध्ये सुरक्षेची दुरुस्ती आली तरी नक्कल तिला वाट देत नाही. कोणीतरी रोज पाहावे लागते. ते "कोणीतरी" म्हणजे मी.

त्यामुळे फ्लॅटपॅकचा मी शत्रू नाही. एवढेच सांगतो की, पॅच लावण्याचे हे काम तेथेही कोणाला तरी करावेच लागेल. ते आपोआप होते असे समजणाऱ्यांनी एकदा करून पाहावे.

खोकेबंद

म्हणजे जे काम मूळ कर्त्याकडे पाठवायला हवे होते ते तुम्ही वर्षानुवर्षे स्वतःकडे दडवून ठेवलेत आणि आता त्याच्या ओझ्याची तक्रार करता. उत्तम.

पॅचलावणारा

पाठवले होते. दोनदा. दुसऱ्यांदा उत्तर न देता बंद केले गेले. "मला कोणी विचारले नव्हते" असे म्हणणारे कर्ते विचारल्यावर असे वागतात. तुम्ही त्यांच्यापैकी नसाल अशी आशा करतो.

जुनाहँडसेट

मी उपकरणांच्या पॅकेजबद्दल लिहिले होते. टचस्क्रीनचा ड्रायव्हर फ्लॅटपॅकने येत नाही. माझ्या प्रश्नाच्या पाठीवर बसून दोन जणांनी आपापली जुनी भांडणे उकरली. ती वेगळी मांडली असती तर बरे झाले असते.

हिशेबनीस यांना विचारतो. आपल्या फोनचा दोष एका दिवसात सापडला ना? मग तो कोणी शोधला? स्वतः मेंटेनर नसलेल्या साध्या वापरकर्त्यांनीच ना? तेच वापरकर्ते आपण स्थिर आवृत्तीतून बाहेर काढलेत की दोष शोधणारेही जातात. माणूस नाही म्हणून पॅकेज काढायचे, आणि पॅकेज नाही म्हणून माणूस येत नाही. नोकियाचा एन९०० हा २००९ चा फोन आहे, त्यात २५६ एमबी रॅम आहे, आणि मेमो लेस्टे ही स्वयंसेवकांची प्रणाली तो अजून चालवते. तेथे हे चक्र कोणीतरी मोडलेच असणार.

रात्रपाळी

माणसे आपोआप येतील या आशेवर पॅकेज ठेवायचे, यात आणखी एक गोष्ट झाकली जाते. २०२२ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मेलिंग लिस्टवर काही जण एकट्या मेंटेनरला टोचत होते की, तुला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती दे. तो उत्तरात म्हणत होता की, हे बिनपगारी काम आहे आणि आपली मानसिक प्रकृतीही ठीक नाही. पुढे ज्या "मदतनिसा"च्या हाती अधिकार गेले त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला, आणि मार्च २०२४ मध्ये एसएसएचच्या (दूरच्या संगणकावरच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो म्हणून एका अभियंत्याने खोदून पाहिले नसते तर तो कितीतरी पसरला असता. तो डेबियन आणि आरपीएम पद्धतीच्या बिल्डसाठी, तेही जीलिबसी आणि ६४ बिटांच्या एक्स८६ साठीच रचलेला होता. आपले अल्पाइनवरचे एआरएम फोन त्यातून सुटले, पण त्यात आपली हुशारी शून्य होती.

म्हणून "कोणीतरी या, नाव लावा" अशी हाक मारताना येणारा कोण आहे आणि त्याच्या हाती फोन आहे का, हे विचारले पाहिजे. जुनाहँडसेट यांच्या पोस्टमध्ये इतरांनी काय करावे याची यादी मोठी आहे. ते स्वतः नाव का लावत नाहीत, हे मला समजलेले नाही.

जुनाहँडसेट

मला सी भाषा येत नाही, हे कारण आहे. ते मी लपवलेले नाही, फक्त लिहिले नव्हते.

हिशेबनीस

कर्नल लिहायला कोणी सांगत नाही. फोन समोर ठेवायचा, बदल आला की त्याचे बिल्ड त्यावर चढवायचे, कॉल लागतो का, आवाज दोन्हीकडून येतो का, पडदा बंद करून रात्रभर ठेवला तर सकाळी किती बॅटरी उरते, एवढे पाहून लिहायचे. जे मी केले नाही ते हेच होते, आणि मला सी येत होती.

मी माझे मूळ वाक्य थोडे सैल करतो, अर्थात नाइलाजाने. नाव नसलेले पॅकेज लगेच काढू नये. एक स्थिर आवृत्ती थांबावे, त्या काळात फोन असलेल्या एकानेही तपासून लिहिले नाही तर मग काढावे. जुनाहँडसेट यांना हेही क्रूर वाटले तर माझा इलाज नाही.

सोळाजीबी

एक आवृत्ती म्हणजे सहा महिने. अल्पाइनचे मे आणि नोव्हेंबरचे वेळापत्रक पाहता त्यातला शेवटचा महिना लायब्ररींचे सोनेम (आवृत्तीसह असलेले नाव) बदलल्यावर सगळे पुन्हा बांधण्यातच जातो, तेव्हा पाच धरा. खोकेबंद यांचा रनटाइमही तोवर शिळा झालेला असेल.

जुनाहँडसेट

ठीक आहे. सहा महिन्यांसाठी माझे नाव लावतो. आपण मला बोलण्यात अडकवले आहे हे मला कळते आहे, तसे कळत नसल्याचे सोंग मी करणार नाही. माझ्याकडे एकच फोन आहे आणि तोच रोजचा, त्यामुळे प्रत्येक बिल्ड रविवारीच तपासले जाईल. आठवड्याच्या मध्ये घाई करणाऱ्यांनी वाट पाहावी. माझी डिस्क कूटबद्ध आहे.

हिशेबनीस

मग मॉड्यूल्स-इनिटएफएस आधी पाहा. आणि पहिले बिल्ड चढवण्यापूर्वी यूएसबी कीबोर्ड शोधून ठेवा.