मदत हवी आहे : शिडाच्या बोटीच्या डिझेल इंजिनावर जास्त क्षमतेचा दुसरा अल्टरनेटर बसवणे

नमस्कार. जालन्यात माझे सेल्फ व अल्टरनेटर दुरुस्तीचे दुकान असून गेली २२ वर्षे ट्रॅक्टर, ट्रक, बोअरच्या गाड्या आणि ऊसतोडणी यंत्रे यांचेच काम मी करीत आलो आहे. समुद्रावरच्या इंजिनाचे काम यापूर्वी कधी हाती आले नव्हते. माझे दाजी व्यापारी जहाजांवर नोकरीस आहेत. त्यांनी दोन वर्षांपूर्वी ३८ फुटांची एक जुनी शिडाची बोट विकत घेतली. ती मुंबई बंदरात असते, आणि निवृत्तीनंतर ताईला सोबत घेऊन तिच्यातून लक्षद्वीपपर्यंत जाण्याचा त्यांचा बेत आहे. बोटीवर चार सिलिंडरचे, साधारण ४० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे आणि त्यावर मूळचा ५५ अँपिअरचा अल्टरनेटर आहे, किंवा होता असे म्हणावे लागेल.

गेल्या महिन्यात दाजींनी तो पोत्यात गुंडाळून दुकानात आणला. मागचे झाकण काढताच जळक्या वार्निशचा वास आला. स्टेटरच्या (बाहेरच्या स्थिर भागाच्या) तिन्ही फेजचे वेटोळे सारखेच काळे पडले होते आणि डायोड प्लेटवरचे डाग (सोल्डर) वितळून त्याचे थेंब आतल्या बाजूस गोठले होते. एकच फेज जळली असती तर मी शॉर्ट समजलो असतो. तिन्ही सारख्या जळल्या याचा अर्थ अल्टरनेटर कित्येक तास पूर्ण भाराने चालला. विचारपूस केल्यावर उलगडा झाला. गेल्या वर्षी त्यांनी शिशाच्या बॅटऱ्या काढून २८० अँपिअर-तासांचे लिथियम आयर्न फॉस्फेटचे आठ सेल बसवून घेतले आहेत, चार-चारच्या दोन समांतर ओळी करून, म्हणजे १२ व्होल्टला ५६० अँपिअर-तास. शिशाची बॅटरी भरत आली की स्वतःच कमी करंट घेऊ लागते. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तेवढा करंट ओढत राहते. त्यात दाजी नांगर टाकून इंजिन आयडलवर चालवीत असत, म्हणजे पंख्याचा वेग सर्वांत कमी आणि भार मात्र पूर्ण.

फ्रीज, स्वयंचलित सुकाणू, दिवे आणि उपकरणे मिळून त्यांचा दिवसाचा खर्च सुमारे २०० अँपिअर-तास आहे. १५० अँपिअर मिळाले तर दीड तासाच्या आत तो भरून निघेल. मूळच्या जागीच मोठा अल्टरनेटर बसवा असे एकाने त्यांना सुचवले होते, पण त्या इंजिनात शीतक पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालतो. जादा भाराने पट्टा तुटला तर चार्जिंग तर जाईलच, शिवाय पाणी फिरायचे थांबून इंजिनही तापेल, आणि किनाऱ्यापासून दूर असताना तसे होऊ देणे मला मान्य नाही. म्हणून मूळचा अल्टरनेटर नव्याने वाईंडिंग भरून फक्त सेल्फच्या शिशाच्या बॅटरीसाठी ठेवावा आणि लिथियमसाठी स्वतंत्र पट्ट्यावर दुसरा बसवावा, एवढे आमचे ठरले आहे.

अडचण पुढे आहे. आपल्याकडे १२ व्होल्टचे जास्त क्षमतेचे अल्टरनेटर सहज मिळत नाहीत, पण वातानुकूलित बसचे २४ व्होल्टचे मिळतात, आणि चांगल्या स्थितीतला तसा एक १५० अँपिअरचा माझ्याकडे पडून आहे. काट्यावर त्याचे वजन १४ किलो भरले. स्टेटर निम्म्या वेढ्यांचा आणि दोन तारा एकत्र घेऊन पुन्हा भरला, उच्च तापमानाला टिकणारे एच वर्गाचे इन्सुलेशन वापरले, तर तो १२ व्होल्टवर चालेल असा माझा अंदाज आहे. मात्र रोटरही (आतला फिरणारा चुंबकाचा भाग) पुन्हा भरावा लागेल, कारण त्याचा रोध ९ ओहमच्या आसपास भरतो आणि १४ व्होल्टला त्याचे चुंबकत्व निम्मेच राहील. हाताने भरलेला रोटर मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर संतुलित राहील याची खात्री मी शेतातल्या ट्रॅक्टरसाठी देईन. माझी बहीण ज्या बोटीत बसणार आहे, तिच्यासाठी मला ती देववत नाही.

दुसरी काळजी क्रँकच्या टोकावर बाजूने पडणाऱ्या ओढीची. १४.२ व्होल्टला १५० अँपिअर म्हणजे २,१३० वॅट होतात. ५५ टक्के कार्यक्षमता धरली तर क्रँककडून पाच अश्वशक्तीहून थोडे जास्तच घ्यावे लागतील. पट्टे आधी न जळता बेअरिंगवर किती ओढ चालते याचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगावे. तसेच बोट मुंबईला आणि लेथ जालन्यात असल्यामुळे ब्रॅकेट एकाच खेपेत बसेल असे माप कसे घ्यावे, हेही कळावे.

प्रतिसाद (मूळ बीडचा, सध्या मुंबईत बोटींच्या इंजिनांचे काम)

भाऊ, तिन्ही फेज सारख्या जळाल्याचे आपण जे निदान केले आहे ते बरोबर आहे, आणि रोटरबद्दलची आपली शंकाही रास्त आहे. तो अल्टरनेटर पुन्हा भरूच नका. आठ सेल आहेत ना? ते चार-चार समांतर न ठेवता आठही एकाच ओळीत जोडा, म्हणजे २४ व्होल्टला २८० अँपिअर-तास होतील आणि साठलेली ऊर्जा तीच राहील. बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून धोक्याच्या वेळी बॅटरी तोडणारे सर्किट) मात्र आठ सेलचा घ्यावा लागेल. मग बसचा अल्टरनेटर आहे तसाच चालेल, १५० ऐवजी ७५ अँपिअर पुरतील, आणि करंट निम्मा झाल्यामुळे केबलही बारीक चालेल. बोटीच्या १२ व्होल्टच्या जुन्या वायरिंगला २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर द्या. फ्रीजमध्ये डॅनफॉसच्या बीडी मालिकेचा कॉम्प्रेसर असेल तर तो दोन्ही व्होल्टेजवर चालतो, तेव्हा तो थेट २४ वर घ्या. नांगर ओढणारी मोटर सेल्फच्या बॅटरीवरच राहू द्या. तिचा करंट कन्व्हर्टरला झेपणार नाही.

पट्ट्यावरचा भार यामुळे कमी होत नाही, कारण वॅट तेवढेच आहेत. तेरा मिलिमीटरचा एकेरी व्ही-पट्टा त्याला पुरणार नाही. बहुधारी ८ पीके पट्टा आणि क्रँकच्या पुलीवर बोल्टने बसणारी जादा पुली, असे करावे. दुसरा अल्टरनेटर मूळच्या अल्टरनेटरच्या विरुद्ध बाजूला घ्या, म्हणजे दोन्ही ओढी काही अंशी एकमेकींना तोलतात. किती ओढ चालते हे इंजिनागणिक बदलते. कंपनीच्या पुस्तिकेत क्रँकच्या टोकावरून किती शक्ती घेता येते याचा तक्ता असतो, त्यापलीकडे कोणाचाही अनुभव ग्राह्य धरू नका, माझाही नाही.

आतला कटआउट (अल्टरनेटरचा अंगचा रेग्युलेटर) काढून बाहेरचा रेग्युलेटर लावा आणि त्याचा तापमानाचा सेन्सर अल्टरनेटरच्या अंगावर घट्ट बसवा. बालमार किंवा वेकस्पीडच्या रेग्युलेटरमध्ये फील्डची (रोटरला चुंबकत्व देणाऱ्या करंटची) कमाल मर्यादा ठरवता येते. ती सुरुवातीला निम्म्यावर ठेवा. बीएमएसने धोक्याच्या वेळी आधी रेग्युलेटरला फील्ड बंद करण्याचा संकेत द्यावा आणि मगच बॅटरी तोडावी, अशी जोडणी हवीच. चालत्या अल्टरनेटरची बॅटरी एकदम सुटली तर व्होल्टेज उसळून डायोड फुटतात आणि त्याबरोबर बोटीची उपकरणेही जातात. बॅटरीच्या धन टोकाशी टी वर्गाचा फ्यूज घाला. लिथियमचा शॉर्ट साध्या फ्यूजने तुटेलच असे नाही.

ब्रॅकेटचे एकच सांगतो, कारण ही चूक मी दोन बोटींवर स्वतः दुरुस्त केली आहे. इंजिन रबरी पायांवर हलते आणि बोटीचा सांगाडा हलत नाही, म्हणून ब्रॅकेट आणि ताणपट्टी यांची सर्व टोके इंजिनावरच असावीत. एका बोटीत ताणपट्टीचे टोक सांगाड्याला जखडले होते. एका मोसमात १० मिलिमीटरची प्लेट बोल्टच्या भोकातून फुटली.

धागाकर्ता

साहेब, मनापासून आभार. आठही सेल एका ओळीत घेण्याचा मार्ग मला सुचला नव्हता. पुन्हा वाईंडिंग करणे हेच माझे काम असल्यामुळे माझा विचार तिथेच घुटमळत राहिला. दाजींशी बोललो. फ्रीजचा कॉम्प्रेसर बीडी मालिकेचाच निघाला आणि इन्व्हर्टर त्यांनी अजून घेतलेला नाही, तेव्हा तो २४ व्होल्टचा घेता येईल.

पुलीचा हिशेब मी असा केला आहे. क्रँकची जादा पुली १५० मिलिमीटर आणि अल्टरनेटरची ७० मिलिमीटर घेतली, तर प्रवासातल्या २,२०० फेऱ्यांवर अल्टरनेटर सुमारे ४,७०० ने फिरेल आणि इंजिनाच्या कमाल ३,६०० वर ७,७०० च्या आसपास जाईल. ६० मिलिमीटरची पुली आयडलला जास्त करंट देईल हे खरे, पण वरच्या टोकाला ९,००० होतात आणि एवढ्या वजनदार रोटरला ते मला नको आहे. नांगरावर असताना इंजिन १,२०० वर ठेवावे, असे दाजींना सांगितले आहे.

विरुद्ध बाजूला ऑइल फिल्टर असल्याचे त्यांनी पाठवलेल्या फोटोत दिसते. फिल्टर ब्रॅकेट न सोडता निघाला पाहिजे, म्हणून प्लेटला तेथे खाच ठेवणार आहे. दाजी या शनिवारी बोटीवर जात आहेत. ब्लॉकवरच्या मोकळ्या आट्यांच्या भोकांवर जाड पुठ्ठा दाबून त्याचा फर्मा आणि क्रँक पुलीच्या तोंडापासून त्या भोकांपर्यंतची खोली गेजने घेऊन ते मला पाठवतील. मी त्यावरून आधी लाकडाचे ब्रॅकेट करून पाठवीन आणि ते बसल्यावरच लोखंड कापीन. त्या भोकांच्या आट्या कोणत्या मापाच्या असतात, आणि ब्लॉकवरच्या अशा रिकाम्या भोकांवर १४ किलोचे वजन कायम टांगणे आपण सुरक्षित मानता का, की खालून इंजिनाच्या पायाच्या बोल्टलाही एक आधार द्यावा, एवढे कृपया कळवावे.